आधी वाटेकरी, मग टक्के

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे. पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे. शेवटी दोन प्रश्नोत्तरं आहेत.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा साताऱ्याहून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, आयुष्यभर तुम्ही कांट शिकवला, आणि आता क्रिकेटच्या पैशावर बोलणार?" मी म्हटलं, "अरे, मी कांट शिकवायचो तेव्हा तुम्ही पोरं खिडकीतून मैदानाकडेच बघत होता. आता मीही जरा बघतो." (हशा)

विषय म्हटला तर साधा आहे. खेळाचा हंगाम संपत येतो, शेवटचे मोठे सामने होतात, लोक तिकीट काढून किंवा टीव्हीपुढे बसून बघतात, आणि ढीगभर पैसा येतो. तो वाटायचा कसा? वर्तमानपत्रात याची चर्चा होते ती टक्क्यांची. अमक्याला इतके टक्के, तमक्याला तितके. हे जास्त, ते कमी. माझं म्हणणं आज एवढंच आहे की टक्क्यांचं भांडण दुसऱ्या पायरीवरचं आहे. पहिल्या पायरीवर, कुणाच्या लक्षात येण्याआधी, एक गोष्ट ठरून गेलेली असते: वाटेकरी म्हणून कुणाला मोजायचं. तिथे चूक झाली की पुढचे टक्के कितीही काटेकोर असोत, हिशेब चुकलेलाच राहतो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. सांगतो.

ऐंशीच्या दशकात मी एका महाविद्यालयात शिकवत होतो आणि जिमखाना समितीवर होतो. एके वर्षी आंतरविभागीय कबड्डीचे सामने आमच्याकडे आले. गावातल्या दुकानदारांनी देणग्या दिल्या, सामने झोकात झाले, आणि खर्च जाऊन काही रुपये उरले. फार नाही, चारेकशे असतील. पण उरलेला पैसा हा गेलेल्या पैशापेक्षा जास्त भांडणं लावतो. संध्याकाळी बैठक बसली. विजेत्यांना किती, उपविजेत्यांना किती, यजमान म्हणून आम्हाला किती, असा वाद रंगला. मी त्या दिवशी सकाळीच वर्गात रॉल्सचा न्यायाचा सिद्धान्त शिकवला होता, त्यामुळे मला फारच चेव आला होता. मी निकष मांडले, प्रमाण काढलं, फळ्यावर लिहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात चहा घेऊन आलेले आमचे मैदानावरचे शिपाईमामा फळा बघत उभे राहिले आणि म्हणाले, "सर, फक्की कुणी मारली ते लिहायचं ऱ्हायलं का?"

पहाटे चारला उठून त्यांनी ते मैदान झाडलं होतं, पाणी मारलं होतं, फक्कीने आखलं होतं. तीन दिवस. आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. आणि पैसे आम्ही फळ्यावर लिहिल्याप्रमाणेच वाटले. आज मी सत्तरीच्या पुढे आहे, आणि त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. माझे टक्के बरोबर होते. वाटेकऱ्यांची यादी चुकली होती.

आता मोठ्या फळ्यांकडे जाऊ.

पहिला फळा अमेरिकेचा. तिथे कॉलेजांच्या फुटबॉलला आपल्याकडच्या आयपीएलसारखी गर्दी असते. फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. तो लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा. कॉलेजांचे गट असतात. आपल्या शिवाजी विद्यापीठात सातारा, सांगली, कोल्हापूर असे विभाग आहेत ना, आधी विभागीय सामने आणि मग आंतरविभागीय, साधारण तशीच रचना. फरक इतकाच की आपल्या आंतरविभागीय सामन्याला प्रेक्षक म्हणजे राखीव खेळाडू आणि कँटीनवाला (हशा), आणि तिथल्या हंगामाअखेरच्या बारा संघांच्या स्पर्धेच्या प्रक्षेपणासाठी ईएसपीएन कंपनीने २०२६ पासून सहा वर्षांचे मिळून सुमारे ७.८ अब्ज डॉलर देऊ केले आहेत. वर्षाला साधारण १.३ अब्ज.

हे वाटायचे कसे? आधीच्या करारात पाच बड्या गटांना साधारण सारखा वाटा होता. नव्या करारात दोन सगळ्यांत बड्या गटांनी प्रत्येकी सुमारे २९ टक्के घेतले. तिसऱ्याला १७ च्या आसपास, चौथ्याला १५ च्या आसपास. उरलेल्या पाच लहान गटांना, म्हणजे साठेक कॉलेजांना, मिळून ९ टक्के. पाचवा बडा गट कुठे गेला? तो मोडला. त्याच्या बारापैकी दहा कॉलेजांनी टीव्हीच्या पैशामागे दुसरे गट धरले. आता लॉस एंजेलिसचं कॉलेज आणि न्यू जर्सीचं कॉलेज एकाच गटात खेळतात. कोल्हापूर विभागात गुवाहाटीचं कॉलेज घातल्यासारखं आहे ते.

पण या सगळ्या तक्त्यात एक नाव शोधून बघा: खेळाडू. वाटेकरी होते गट, गटांतर्फे कॉलेजं. ज्या पोरांच्या गुडघ्यांवर आणि डोक्यांवर हा अब्जावधींचा खेळ उभा आहे, त्यांना शिष्यवृत्ती होती, पण या उत्पन्नात थेट वाटा नव्हता. कारण ते 'हौशी' होते. हौशी हा शब्द मोठा मजेदार आहे. पैसे देणारा, घेणारा, वाटणारा असे सगळे व्यावसायिक, आणि मधे खेळणारा तेवढा हौशी! हे बदललं ते कोर्टकचेऱ्यांतून. २०२५ च्या जूनमध्ये एका खटल्यातली तडजोड न्यायालयाने मंजूर केली आणि तेव्हापासून कॉलेजं आपल्या खेळाडूंना थेट वाटा देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेजाने जास्तीत जास्त सुमारे दोन कोटी डॉलर. म्हणजे इतकी वर्षं लोक २९ की २७ यावर भांडत होते, आणि खरा प्रश्न यादीचा होता.

दुसरा फळा आयसीसीचा. २०२३ मध्ये दरबानला बैठक झाली आणि २०२४ ते २०२७ साठी वाटणी ठरली. वर्षाला सरासरी साठ कोटी डॉलर वाटायचे. भारताच्या मंडळाला ३८.५ टक्के. दुसऱ्या क्रमांकावर इंग्लंड, ६.८९. ऑस्ट्रेलिया ६.२५, पाकिस्तान ५.७५. वेस्ट इंडीज, ज्यांनी पहिले दोन विश्वचषक जिंकले, त्यांना ४.५८. आणि नव्वदहून जास्त संलग्न देश आहेत, त्यांना सगळ्यांना मिळून ११.१९.

आपल्याला हे ऐकून बरं वाटतं. मलाही क्षणभर वाटलं. पैसा आपल्याच प्रेक्षकांमुळे येतो, मग वाटा आपलाच मोठा, यात गैर काय? निकषही लिहिलेले आहेत: क्रिकेटचा इतिहास, गेल्या सोळा वर्षांतली आयसीसी स्पर्धांमधली कामगिरी, आर्थिक योगदान, आणि पूर्ण सदस्य म्हणून मिळणारा सारखा भाग. दिसायला अगदी ॲरिस्टॉटलच. ज्याची जितकी योग्यता, त्याला तितकं.

पण ॲरिस्टॉटलनेच पुढे सांगून ठेवलंय की योग्यतेप्रमाणे द्यावं यावर सगळ्यांचं एकमत असतं. योग्यता कशाला म्हणायचं यावर सगळे भांडतात. इथे 'आर्थिक योगदान' या शब्दाकडे नीट बघा. भारतीय प्रेक्षक टीव्हीपुढे बसतो तो कशासाठी? भारत–पाकिस्तान सामना. त्यातला पाकिस्तान काढा. काय उरेल? सराव. (हशा) त्या सामन्याच्या पैशाला 'भारताचं योगदान' म्हणणं म्हणजे टाळी वाजल्यावर उजव्या हाताने आवाजावर मालकी सांगणं.

इथे मला कुस्तीकडे वळू द्या, कारण या बाबतीत आपल्या गावच्या जत्रा-कमिट्यांना आयसीसीपेक्षा जास्त कळतं. आपण मैदानात काय म्हणतो? 'पहिल्या नंबरची जोड.' जोड! इनाम जाहीर होतं ते कुस्तीचं, जोडीचं. कुंडलच्या मैदानात एकटा पैलवान, कितीही नावाजलेला असो, लांग कसून नुसता उभा राहिला तर त्याला बघायला कोण थांबेल? बघण्यासारखी गोष्ट दोघांच्या मध्ये तयार होते. ती एकाची नसते. बरोबरीत सुटली तर इनाम वाटून देतात ते याच समजुतीने.

रॉबर्ट नोझिक नावाचा अमेरिकन तत्त्वज्ञ होऊन गेला. १९७४ च्या त्याच्या पुस्तकात एक प्रसिद्ध उदाहरण आहे. विल्ट चेंबरलेन हा बास्केटबॉलपटू. लोक त्याला बघायला येतात, प्रत्येक जण तिकिटाच्या पैशातले पंचवीस सेंट वेगळे त्याच्या नावाच्या पेटीत टाकतो. दहा लाख लोक आले, त्याला अडीच लाख डॉलर मिळाले. सगळ्यांनी राजीखुशीने दिले, मग अन्याय कुठे झाला? मी हे उदाहरण तीस वर्षं शिकवलं, आणि दर वर्षी वर्गातली चार पोरं तरी नोझिकच्या बाजूने जायची. उदाहरण आहेच तसं देखणं. पण त्यात एक गोम आहे. पेटी ठेवली ती दारावर. दारापर्यंत खेळ आला कसा हे उदाहरणात नाहीच. समोरचा संघ नाही, पंच नाही, ज्या शाळेच्या अंगणात तो चेंडू टाकायला शिकला ती शाळा नाही. दारावर पेटी ठेवून मोजलं की जो शेवटी दारात उभा असतो तोच सगळं कमावतो असं दिसतं. आणि हंगामाच्या शेवटच्या सामन्यांचा पैसा हा नेमका दारावरचा पैसा आहे.

माझं तात्त्विक म्हणणं असं: खेळातला पैसा ही जोडीची कमाई आहे. तिच्यात कुणाचं किती हे शोधून काढता येत नाही, ठरवावं लागतं. आणि जे ठरवायचं असतं ते 'आम्ही फक्त मोजलं' असं म्हणून कुणी मांडलं, की समजावं, ठरवणाऱ्याने आपला हात लपवला.

दुसरी गोष्ट, चक्राची. ज्याला आज जास्त मिळतं तो उद्या चांगली मैदानं करतो, चांगले प्रशिक्षक ठेवतो, जिंकतो. मग उद्याच्या सूत्रात त्याची 'कामगिरी' आणि 'योगदान' वाढलेलं असतं. कालचा वाटा हीच आजची योग्यता. सावकाराच्या वहीसारखं आहे हे. व्याजाने घेतलेली जमीनच पुढच्या कर्जाला तारण म्हणून दाखवायची.

हे बदलता येत नाही असं मात्र नाही. २०१४ मध्ये भारत, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया या तीन मंडळांनी मिळून मोठा घास घेतला होता. २०१७ मध्ये आयसीसीचे अध्यक्ष आपल्या नागपूरचे शशांक मनोहर होते. त्यांच्या काळात ते सूत्र मोडलं, भारताचा वाटा कमी झाला, आणि त्या ठरावाला विरोध करणारं मत फक्त भारताचं पडलं. इकडे त्यांना शिव्या खाव्या लागल्या. पुढे दोन महिन्यांत भारताचा आकडा वाढवून आठ वर्षांसाठी ४०.५ कोटी डॉलर केला गेला, तो भाग वेगळा. पण एका मराठी माणसाने आपल्या घराचा वाटा कमी करणाऱ्या टेबलावर बसून सही केली, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगत नाही. का बरं सांगत नाही, याचा प्रत्येकाने विचार करावा.

आता घरचा फळा. दुसऱ्याच्या घरी न्याय मागणं सोपं असतं.

आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. ४१० सामने धरले तर एका सामन्याचे ११८ कोटी. याशिवाय आयसीसीकडून येणारं, भारतातल्या मालिकांचं, असं सगळं बीसीसीआयकडे येतं. एक गोष्ट मंडळाच्या बाजूने आधीच सांगितली पाहिजे. आपल्या मंडळाने खेळाडूंना उत्पन्नातला वाटा, २६ टक्के, अमेरिकन कॉलेजांच्या कितीतरी आधी मान्य केला. त्यातला निम्मा आंतरराष्ट्रीय खेळाडूंना, बाकीचा देशांतर्गत, महिला आणि कनिष्ठ गटात. म्हणजे आमच्या यादीत खेळाडू आहे. शाबास.

पण मंडळाचे मोठे वाटेकरी कोण? राज्य संघटना. आणि राज्य संघटना म्हणजे राज्यं नव्हेत. आपल्या महाराष्ट्रात तीन आहेत: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. सातारा-सांगली पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेत येतात. गुजरातेतही तीन. उत्तर प्रदेशात एक. आणि बिहारमध्ये, झारखंड वेगळं झाल्यावर, बरीच वर्षं शून्य. २०११ च्या जनगणनेत बिहारची लोकसंख्या दहा कोटींच्या वर होती. दहा कोटी माणसांचा प्रदेश, आणि रणजीचा संघ नाही. पाटण्याचा ईशान किशन झारखंडकडून खेळला.

संघटनेगणिक सारखा वाटा, हे ऐकायला किती समतेचं वाटतं! २०१६ चं उदाहरण घ्या. चॅम्पियन्स लीग टी-२० ही स्पर्धा त्याआधीच्या वर्षी बंद झाली होती आणि प्रक्षेपण कंपनीकडून मंडळाला भरपाई मिळाली होती. त्यातून काही राज्य संघटनांना प्रत्येकी १६.७३ कोटी रुपये दिले गेले. प्रत्येकी सारखे. यात अन्याय कुठे दिसतो? टक्क्यांत कुठेच दिसत नाही. यादीत दिसतो. तीन संघटना असलेल्या राज्याला तीन सारखे वाटे, एकवाल्याला एक, आणि नसलेल्याला सारख्याच न्यायाने शून्य. हे सगळं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं कुणी? याच वाटेकरी नसलेल्या बिहारच्या क्रिकेट संघटनेने. यादीबाहेरच्या माणसालाच यादी दिसते.

न्यायमूर्ती लोढा समितीने २०१६ च्या जानेवारीत अहवाल दिला: एक राज्य, एक मत. जुलैमध्ये न्यायालयाने ते मान्य केलं. ऑक्टोबरमध्ये, सुधारणा मान्य करीपर्यंत संघटनांनी ते पैसे खर्च करू नयेत असं सांगितलं. आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये हीच एक-मताची अट काढून टाकली. मुंबई, विदर्भ, बडोदा, सौराष्ट्र यांना पूर्ण सदस्यत्व परत मिळालं. कारण काय, तर या संघटनांचा इतिहास आणि खेळातलं योगदान. मुंबईने ४२ वेळा रणजी जिंकली, हा इतिहास खराच आहे, तो कोण नाकारतो? पण इतिहास ज्याच्याकडे आहे त्याला पुढचाही इतिहास घडवायचं साधन द्यायचं, हे मघाचंच चक्र झालं. सुदैवाने त्याच काळात, २०१८-१९ च्या हंगामात, बिहारचा संघ रणजीत परतला.

आता आणखी खाली, आपल्या अंगणात या. विजय हजारे सांगलीत जन्मले, १९१५ साली. त्यांच्या कप्तानीखाली भारताने पहिली कसोटी जिंकली, १९५२ मध्ये. त्यांच्या नावाची ट्रॉफी देशभर खेळली जाते. स्मृती मानधना माधवनगरात वाढली. २०२३ च्या पहिल्या महिला लिलावात तिच्यावर ३ कोटी ४० लाखांची सगळ्यांत मोठी बोली लागली. २०२५ मध्ये भारताने विश्वचषक जिंकला तेव्हा ती उपकर्णधार होती. नावं आपली मोठी आहेत. पण महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये २०२५ ला 'सातारा वॉरियर्स' नावाचा संघ आला, तो खेळला कुठे? गहुंज्याला, पुण्याजवळ. प्रकाशझोत, कॅमेरे, सोयी तिथे आहेत, हे कारण बरोबरच आहे. पण बघा कसं झालं: नाव साताऱ्याचं, दार गहुंज्याचं. नोझिकची पेटी जिथे दार असेल तिथेच असते. मला सांगा, आयसीसीपासून खाली आलेल्या या सगळ्या तक्त्यांत मंडळं आहेत, संघटना आहेत, संघांचे मालक आहेत. ज्या सिमेंटच्या किंवा मॅटिंगच्या खेळपट्टीवर नऊ वर्षांची मुलगी पहिला चेंडू खेळते, ती खेळपट्टी कुठल्या तक्त्यात आहे? तिला मिळतं ते अनुदान. अनुदान आणि वाटा यांत फरक आहे. वाटा मागता येतो. अनुदानासाठी वाट बघावी लागते.

आणि मुलगी म्हटलं म्हणून सांगतो. भारतात महिलांची क्रिकेट संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली, आणि पहिली आंतरराज्य स्पर्धा आपल्या पुण्यात झाली. बीसीसीआयमध्ये ती विलीन झाली २००६ मध्ये. मधली तेहतीस वर्षं कपिल देव, गावसकर, तेंडुलकर यांच्या खेळावर जो पैसा आला त्यात स्त्रियांना किती टक्के, हा प्रश्नच निघाला नाही. यादीत नाव नाही तर टक्के कुठले? २०२२ मध्ये सामन्याचं मानधन पुरुषांइतकं केलं, त्याला यादीत आल्यावर सोळा वर्षं लागली. कुस्तीत आपण शहाणे, असं मी मघाशी म्हटलं. ते शहाणपण किती ते पण ऐका. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून आहे. महिला महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली २०२३ मध्ये, इथे सांगलीत, आणि आपल्याच प्रतीक्षा बागडीने गदा घेतली. बासष्ट वर्षं आपण जोड लावत होतो, आणि अर्धं गाव यादीबाहेर होतं.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. 'सर, सगळ्यांना वाटेकरी केलं तर कमावणारा कशाला कमावेल? आणि खाली गेलेला पैसा खालीच जातो याची खात्री काय? मधला पुढारी खाईल.' दोन्ही खरं आहे. पण याचं उत्तर आपल्याला शोधायला लांब जायला नको, ते आपल्या उसात आहे. सी. रंगराजन समितीने २०१२ मध्ये सांगितलं: साखर आणि पहिल्या टप्प्यातली उपउत्पादनं यांच्या किमतीचे ७० टक्के ऊसवाल्याला, ३० कारखान्याला. शेतकऱ्याचा ऊस काट्यावर टनाने मोजतात, पण उतारा धरतात तो कारखान्याचा सरासरी. म्हणजे वाळव्यातल्या एखाद्याच्या उसाला जास्त साखर असली तरी सगळ्यांचा उतारा एकत्र करूनच भाव निघतो. जोडीची कमाई म्हणतात ती हीच. त्यामुळे कुणी ऊस लावायचा थांबला का? आणि चौदा दिवसांत बिल द्यायचं हा नियम कागदावर आहे, म्हणूनच ते थकलं की शेतकरी रस्त्यावर बसू शकतो. मधला पुढारी खातो की नाही, यावर इलाज वाटा काढून घेणं हा नसतो. वाटा लिहून ठेवणं हा असतो. लिहिलेलं असलं की मागता येतं.

पण आपली छाती फुगायच्या आत फक्कीवाल्या मामांचा प्रश्न उसालाही विचारून घ्या. सत्तर-तीसच्या त्या तक्त्यात बीडहून कोयते घेऊन आलेलं जोडपं कुठे आहे? त्यांना तोडणीचा दर आहे, वाटा नाही. आंदोलनात आपण वर बघून हिशेब मागतो, ते बरोबरच आहे. खाली बघून हिशेब द्यायची वेळ आली की आपल्यालाही फळ्यावर जागा कमी पडते.

मग करायचं काय? मी अर्थतज्ज्ञ नाही. सूत्र देणार नाही. पण कुठलंही सूत्र समोर आलं की तीन प्रश्न विचारा. एक, यादी कुणी केली, आणि यादीबाहेरच्याला बोलायची सोय आहे का? दोन, दारावरचा पैसा मोजताना दारापर्यंतचा रस्ता मोजलाय का? तीन, कालचा वाटा आजची योग्यता म्हणून परत दाखवला जातोय का? आयसीसीचं सूत्र तिन्हींत नापास आहे, आपल्या फायद्याचं असलं तरी. बीसीसीआयचं पहिल्यात काठावर पास, कारण खेळाडू आत आहे आणि बिहार कोर्टाच्या दारातून का होईना आत आला; दुसऱ्यात नापास.

शेवटी खाशाबांची गोष्ट सांगतो आणि थांबतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावाने, व्यापाऱ्यांनी जमवले, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी ब्राँझ पदक आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराड स्टेशनवरून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती मिरवणूक सगळ्यांना माहीत आहे. पण त्यानंतरचं सांगतात ते असं की परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले, आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. कुठल्या नियमात हे नव्हतं. पदक गळ्यात आल्यावर त्यांनी मागे वळून यादी वाचली, एवढंच.

आमच्या शिपाईमामांना जाऊन खूप वर्षं झाली. त्या चारशे रुपयांतले त्यांचे किती झाले असते, हा हिशेब मी मग कधीतरी एकटा बसून केला होता. आकडा सांगत नाही. फार नव्हता. देता आला असता.

नमस्कार. (टाळ्या)

प्रश्न: सर, भारताने आयसीसीतला वाटा कमी करून घ्यावा असं तुमचं म्हणणं आहे का? ते पैसे आपल्याच पोरांच्या कामी येतील ना?

उत्तर: येतील असं म्हणताय; येतात का ते आधी विचारा. 'आपल्या पोरांसाठी' म्हणून बाहेर जास्त मागायचं, आणि घरी पोरांना अनुदानाच्या रांगेत उभं करायचं, हे दोन्ही एकाच तोंडाने शोभत नाही. ३८.५ चे किती टक्के तालुक्याच्या मैदानावर हक्काने उतरणार, हे मंडळाने लिहून दिलं तर मी माझी टीका अर्धी मागे घेईन. उरलेली अर्धी ठेवीन, कारण वेस्ट इंडीज बुडाल्यावर आपल्या पोरांनी खेळायचं कुणाशी? जोड लागायला समोर पैलवान लागतो.

प्रश्न: मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. फक्की मीच मारतो. (हशा) आमच्यासारख्याने काय करायचं?

उत्तर: पुढच्या वेळी सामने झाले की जमाखर्चाच्या कागदावर मैदान तयार करणाऱ्याचं नाव वेगळ्या ओळीत लिहा. समोर रक्कम शून्य असली तरी लिहा. शून्यासमोर नाव असलं की कुणीतरी विचारतं, शून्य का? नाव नसलं की कुणीच विचारत नाही. मी तेव्हा फळ्यावर तेवढी एक ओळ लिहायला हवी होती.